पेप्टाइड विरघळत नाही, किंवा विरघळूनही काम करत नाही: कुठून तपासायचं

आधी लक्षणं. यातलं तुमचं कोणतं ते ओळखून ठेवा, पुढे लागेल.

– व्हायल (पावडरीची छोटी काचेची बाटली) रिकामीच दिसते. लेबलवर ५ मिलिग्रॅम लिहिलंय, आत काहीच नाही.
– कापसाच्या पिसासारखी पांढरी पावडर होती, ती आक्रसून काचेला डिंकासारखी चिकटली आहे.
– पाणी घातलं आणि दुधाळ झालं. किंवा वर स्वच्छ पाणी, तळाशी गुठळी.
– पाण्यात छान विरघळलं, बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) घातल्याबरोबर गढूळ झालं.
– द्रावण स्वच्छ आहे, पण प्रकाशाचं शोषण मोजणारं यंत्र २८० नॅनोमीटरला शून्य दाखवतंय.
– मागच्या आठवड्यात याच स्टॉकने (विरघळवून ठेवलेल्या दाट द्रावणाने) उत्तम निकाल दिले, या आठवड्यात निम्मेही नाहीत.
– पेशी सगळ्याच मरतायत.

पुण्यातल्या एका बायोकेमिस्ट्री लॅबचं रोजचं कामकाज मी अकरा वर्षं बघते आहे. दर पावसाळ्यात नवी मुलं येतात आणि महिन्याभरात कोणीतरी हातात छोटी व्हायल घेऊन माझ्या टेबलापाशी उभं राहतं: "मॅडम, पेप्टाइड खराब आलंय." बहुतेक वेळा ते खराब आलेलं नसतं. फ्रीझरमधून काढल्यापासून पहिला थेंब घालेपर्यंतच्या वेळात बिघडलेलं असतं, किंवा बिघडलेलंच नसतं, हिशेब चुकलेला असतो. एवढ्याशा पावडरीपायी कधीकधी अख्ख्या सहा महिन्यांचं बजेट गेलेलं असतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

नवख्यांसाठी एवढंच: पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, ढोबळमानाने पन्नासपर्यंत. मीठ किंवा साखर पाण्यात टाकली की विरघळणार हे आपल्याला ठाऊक असतं. पेप्टाइडचं तसं नाही. साखळीत कोणती आम्लं आहेत त्यावर त्याचा स्वभाव ठरतो, आणि शेजारच्या मुलीचं पेप्टाइड पाण्यात विरघळलं म्हणून तुमचं विरघळेल असं मुळीच नाही.

हात लावण्याआधी

नायट्राइल ग्लोव्हज, गॉगल, एप्रन. पावडर इतकी हलकी असते की टोपण उघडताना श्वासाबरोबर नाकात जाऊ शकते, म्हणून तोंड व्हायलवर आणून डोकावू नका आणि पंखा बंद करा. संशोधनातली बरीच पेप्टाइडं अत्यल्प मात्रेत शरीरावर परिणाम करतात. ब्रॅडिकिनिनसारखं नऊ आम्लांचं पेप्टाइड रक्तदाब उतरवतं आणि वेदना जागी करतं. डीएमएसओ या द्रावकाबद्दल तर विशेष सांभाळा, कारण ते कातडीतून आत शिरतं आणि त्यात विरघळलेलं सोबत घेऊन जातं. ग्लोव्हवर सांडलं तर पुसत बसू नका, ग्लोव्हच बदला.

आणि एक गोष्ट, जी मला आता दरवर्षी सांगावी लागते. "जिममधला मित्र विचारत होता, आपल्याकडे मिळतं ना ते?" नाही. ज्या व्हायलवर 'केवळ संशोधनासाठी' लिहिलंय ती माणसाच्या शरीरात टोचायची नाही. तुमच्या नाही, मित्राच्या नाही, कुणाच्याच नाही. "पण मॅडम, शुद्धता ९९ टक्के आहे" हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकलाय. तो आकडा एचपीएलसीवरचा, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रावरचा असतो. प्रकाश शोषणाऱ्या घटकांत तुमच्या पेप्टाइडचा वाटा किती, एवढंच तो सांगतो. जिवाणू, त्यांच्या भिंतीतून सुटणारी एंडोटॉक्सिनं, जड धातू, यांतलं काहीही त्या आलेखात दिसत नाही. मधुमेहावरचं सेमाग्लूटाइडसुद्धा पेप्टाइडच आहे आणि डॉक्टर ते लिहून देतात. पण ते निर्जंतुक वातावरणात बनतं, बॅचगणिक तपासलं जातं आणि औषध म्हणून मंजूर झालेलं असतं. जिममध्ये ज्याचं नाव फार घेतलं जातं त्या बीपीसी-१५७ वर जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे वाडाने, २०२२ पासून खेळाडूंसाठी बंदी घातली आहे. कुणी आधीच टोचून घेतलं असेल आणि ताप, थंडी, सूज किंवा चक्कर असेल, तर व्हायल सोबत घेऊन त्याला थेट दवाखान्यात न्या.

आता तपासण्या. स्वस्तातली आधी.

१. काहीही न घालता, नुसतं वाचा

व्हायलचं लेबल आणि सोबतचा विश्लेषणाचा कागद समोर ठेवा. यावर दोन वेगवेगळे आकडे असतात आणि निम्मी भांडणं तिथेच मिटतात. एक शुद्धता, दुसरा नेट पेप्टाइड कंटेंट. पावडरीत पेप्टाइडशिवाय पाण्याचा अंश असतो आणि क्षारही असतो, बहुधा ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटेट, ज्याला आम्ही टीएफए म्हणतो, नाहीतर अ‍ॅसिटेट. वजनात हे सगळं धरलेलं असतं. त्यामुळे शुद्धता ९८ टक्के असूनही पावडरीतलं खरं पेप्टाइड ६० ते ९० टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी असणं अगदी नेहमीचं आहे.

समजा ब्रॅडिकिनिनची ५ मिलिग्रॅमची व्हायल आहे आणि कंटेंट ७२ टक्के. खरं पेप्टाइड ३.६ मिलिग्रॅम. रेणुभार १०६० धरला तर १ मिलिलिटरमध्ये ४.७ मिलिमोलर नाही, ३.४ मिलिमोलर द्रावण तयार होतं. "मागच्या बॅचपेक्षा ही बॅच कमजोर आहे" ही तक्रार अनेकदा या एका गुणाकारात संपते. कागदावर कंटेंट दिलेलाच नसेल तर विक्रेत्याकडे मागा.

२. व्हायल गार होती का?

ही तपासणी फुकटची आहे आणि सगळ्यात जास्त पेप्टाइडं इथेच वाया जातात.

जुलैतली दुपार होती, बाहेर संततधार. एका मुलीने उणे २० वरून व्हायल काढली आणि चालता चालताच टोपण फिरवलं. टेबलापर्यंत येईतो काचेला बाहेरून घाम फुटला होता. तोच घाम आतही सुटत होता, फक्त तिला दिसत नव्हता. गोठवून वाळवलेली पावडर हवेतला ओलावा अधाशासारखी पिते. माझ्या डोळ्यांदेखत ते पांढरं पीस कडेने पारदर्शक होत गेलं, आकसलं आणि तळाला चिकटून बसलं. अशी भिजलेली पावडर पुन्हा फ्रीझरमध्ये टाकली तरी त्या ओलाव्यात आम्लं तुटायला, बदलायला सुरुवात होते.

म्हणून बंद व्हायल डेसिकेटरमध्ये ठेवा, अर्धा ते एक तास, खोलीच्या तापमानाला येईपर्यंत. डेसिकेटरमधली सिलिका जेल निळी आहे का ते बघा. गुलाबी झाली असेल तर तिने पाणी धरलंय, आधी ओव्हनमध्ये वाळवून घ्या. मग व्हायल सेंट्रिफ्यूजमध्ये हलकेच फिरवा, मिनिटभर पुरे. वाहतुकीत पावडर टोपणाला आणि भिंतीला लागलेली असते. 'रिकामी' व्हायल बऱ्याचदा या एका मिनिटात भरते. टोपणाला लागलेली पावडर बघितली नाही आणि टोपण झटकलं, तर ती खरोखरच जमिनीवर गेली.

वजन करण्यासाठी पावडर बाहेर काढू नका. स्थिर विजेने ती वजनासाठीच्या प्लॅस्टिकच्या ताटलीवरून उडते. शक्यतो व्हायलमध्येच विरघळवा.

आणि कुरिअरमधला बर्फ वितळलेला निघाला म्हणून घाबरू नका. बंद, कोरडी पावडर प्रवासातले काही दिवस सहसा सहन करते. उघडलेली व्हायल सहन करत नाही.

३. कागद-पेन्सिल घ्या आणि विद्युतभार मोजा

कोणतंही द्रावक हातात घेण्याआधी आम्लांचा क्रम लिहून काढा. लायसीन आणि आर्जिनीन प्रत्येकी अधिक एक. हिस्टिडीनही अधिकच्या बाजूचं, पण उदासीन पीएचला त्याचा भार अर्धवट असतो. साखळीचं मोकळं अमिनो टोक अधिक एक. अ‍ॅस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्ल प्रत्येकी उणे एक, मोकळं कार्बोक्सिल टोक उणे एक. इथे मुलं हमखास चुकतात: कार्बोक्सिल टोकाला अमाइड असेल तर तो उणे एक धरायचा नाही, आणि अमिनो टोकाला अ‍ॅसिटिल असेल तर तो अधिक एक धरायचा नाही.

ब्रॅडिकिनिनमध्ये दोन आर्जिनीन, दोन्ही टोकं मोकळी. बेरीज अधिक दोन. पाण्यात सहज जाईल.

बेरीज अधिक आली तर आधी पाणी, नाही जमलं तर १० टक्के अ‍ॅसिटिक आम्ल. उणे आली तर पाणी, मग विरळ अमोनियम बायकार्बोनेट किंवा विरळ अमोनियाचे एकदोन थेंब. मात्र साखळीत सिस्टीन असेल तर अमोनियाच्या वाटेला जाऊ नका, कारण पीएच ७ च्या वर सिस्टीन एकमेकांना जोडले जाऊन जोड्या तयार होतात. बेरीज शून्याच्या आसपास आणि ल्युसीन, व्हॅलीन, फेनिलअ‍ॅलनीनसारखी पाण्याला फटकून वागणारी आम्लं निम्म्याहून जास्त असतील तर डीएमएसओ. त्यातही मेथिओनीन किंवा सिस्टीन असेल तर डीएमएसओ त्यांना ऑक्सिडाइझ करू शकतं, तेव्हा डीएमएफ हे दुसरं द्रावक बरं. डीएमएफ वापरताना फ्यूम हूड आणि पॉलिप्रॉपिलीनची नळी घ्या, पॉलिस्टायरीन त्यात विरघळतं.

हा क्रम असाच का? अ‍ॅसिटिक आम्ल आणि अमोनियम बायकार्बोनेट गोठवून वाळवताना उडून जातात. प्रयोग फसला तर पावडर परत मिळते, दुसरं काही करून बघता येतं. डीएमएसओचा उत्कलनबिंदू १८९ अंश, ते असं सहजी निघत नाही. एकदा घातलं की घातलं.

४. चिमूटभरावर करून बघा

सगळी व्हायल पणाला लावू नका. ही माझी सगळ्यात कळकळीची विनंती आहे. कणभर पावडर वेगळ्या नळीत घ्या आणि त्यावर पाणी करून बघा. हलवा, पाच-दहा मिनिटं थांबा. घाई नको, काही पेप्टाइडं सावकाश भिजतात. गरज पडली तर पाण्याच्या सॉनिकेटरमध्ये दहा-दहा सेकंद, मध्ये बर्फावर ठेवून. जोरजोरात व्हॉर्टेक्स करून फेस आणू नका. फेसाच्या पृष्ठभागावर पेप्टाइडं एकत्र येऊन गुठळी धरतात.

नळी दिव्यासमोर, काळ्या कागदावर धरून बघा. धागे, कण, दुधाळपणा? डोळ्यांना स्वच्छ दिसलं तरी सेंट्रिफ्यूजमध्ये दहा हजार जी ला, म्हणजे गुरुत्वाच्या दहा हजार पटीला, दहा मिनिटं फिरवा. तळाशी काही बसलं तर ते विरघळलेलं नव्हतं, नुसतं तरंगत होतं.

पाण्यात स्वच्छ आणि बफरमध्ये गढूळ होत असेल तर दोषी बहुधा बफरमधले क्षार किंवा पीएच. पीबीएस या खारट फॉस्फेट बफरमध्ये थेट पावडर टाकू नका. आधी पाण्यात दाट स्टॉक, मग बफर. डीएमएसओच्या स्टॉकचंही असंच: स्टॉक थेंबथेंब बफरमध्ये सोडायचा, बफर ढवळत असताना. उलटं केलं की तो वाटेत कुठेतरी साखळ्या एकमेकींना चिकटण्याइतका दाट आणि पाणीदार दोन्ही होतो. पीएच पट्टीवर एक थेंब टाकून बघाच. टीएफए क्षाराचं दाट द्रावण चांगलंच आंबट असतं, आणि 'सगळ्याच पेशी मरतायत' या तक्रारीमागे कधीकधी पेप्टाइड नसून ते आम्ल, नाहीतर प्रमाणाबाहेर गेलेलं डीएमएसओ असतं. अंतिम मिश्रणात डीएमएसओ ०.१ ते ०.५ टक्क्यांच्या पुढे नेऊ नका, आणि पेप्टाइड सोडून बाकी सगळं तेच असलेला कंट्रोल लावा.

५. फ्रीझरवर संशय घ्या

'मागच्या आठवड्यात चालत होतं' असं असेल तर प्रश्न साठवणीचा. द्रावणातलं पेप्टाइड पावडरीइतकं टिकत नाही. पुन्हा पुन्हा गोठवणं-वितळवणं त्याला मारतं. स्टॉक केल्याच दिवशी २०-५० मायक्रोलिटरच्या छोट्या नळ्या भरा, एक काढली की वापरा, उरलं तर टाका.

घरगुती धाटणीचा, बर्फ न साठणारा फ्रीझर असेल तर तो बर्फ घालवण्यासाठी ठराविक वेळाने स्वतःच गरम होतो. दाराजवळच्या कप्प्यात तर फार. वीज गेली होती का, हे विचारून कळत नाही, म्हणून आमच्याकडे एक साधी युक्ती आहे: कपात पाणी गोठवायचं, वर एक रुपयाचं नाणं ठेवायचं. सोमवारी नाणं बर्फात बुडालेलं दिसलं की शनिवार-रविवारी फ्रीझर वितळला होता.

डीएमएसओची आणखी एक खोड. ते १८.५ अंशाला गोठतं. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी कपाटातली बाटलीसुद्धा घट्ट झालेली असते. नळी बर्फावर ठेवून 'वितळली' समजून मधलं थोडं द्रव पिपेटने घेतलं तर प्रत्येक वेळी वेगळी मात्रा जाते. खोलीच्या तापमानाला पूर्ण वितळू द्या, हलवा, फिरवा, मग घ्या.

६. मोजमाप खरं आहे का?

२८० नॅनोमीटरला प्रकाश शोषतात ती मुख्यतः ट्रिप्टोफॅन आणि टायरोसीन. ब्रॅडिकिनिनमध्ये दोन्ही नाहीत. त्याचं द्रावण कितीही दाट करा, यंत्र जवळजवळ शून्यच दाखवणार. अशा वेळी २०५ किंवा २१४ नॅनोमीटरला मोजा, पण बफर आणि डीएमएसओ स्वतः तिथे शोषतात हे लक्षात ठेवून. ब्रॅडफर्डवर, म्हणजे रंग घालून प्रथिन मोजायच्या पद्धतीवर, छोट्या पेप्टाइडसाठी भरवसा ठेवू नका. एवढ्या आखूड साखळीला तो रंग नीट धरतच नाही.

अगदी विरळ, नॅनोमोलर द्रावणात पेप्टाइड नळीच्या भिंतीला चिकटून संपतं. तपासायचं सोपं आहे: तेच द्रावण एकामागून एक तीन नळ्यांतून फिरवा आणि पहिल्या-शेवटच्या नळीचा परिणाम तुलना करा. घसरण दिसली तर कमी चिकटणाऱ्या नळ्या घ्या, प्रयोगाला चालत असेल तर ०.१ टक्के बीएसए हे गायीच्या रक्तातलं प्रथिन घाला. काम करायच्या दिवशीच विरळ करा, आदल्या रात्री नाही.

पेशींच्या माध्यमात सीरम असेल तर त्यातली विकरं साखळी कापतात. ब्रॅडिकिनिन रक्तात मिनिटभरही धड टिकत नाही. तुमचं पेप्टाइड व्हायलमध्ये ठणठणीत असून थाळीत मरत असेल.

७. एचपीएलसी आणि मास

इथपर्यंत काहीच सापडलं नाही तर पैसे खर्च करा. मासवर, म्हणजे रेणूचं वजन मोजणाऱ्या यंत्रावर, १६ डाल्टन (रेणूच्या वजनाचं एकक) जास्त दिसले तर बहुधा मेथिओनीन ऑक्सिडाइझ झालंय. एक डाल्टन जास्त असेल तर अ‍ॅस्परजीनचं अमाइड गेलंय. शेजारी ग्लायसीन असलेल्या अ‍ॅस्परजीनचं ते फार लवकर होतं. सुरुवातीला ग्लुटामीन असून १७ कमी दिसले तर ते टोक स्वतःभोवती वळून बंद झालंय. दुप्पट वजनाला दोन कमी, म्हणजे सिस्टीनची जोडी. ती डीटीटी या रसायनाने सोडवता येते, पण आधी बघा की ती मुळातच हवी नव्हती ना. ऑक्सिटोसिन या संप्रेरकात पहिल्या आणि सहाव्या आम्लाला जोडणारा तोच बंध त्याला आकार देतो. व्हिन्सेंट दु विन्यो या अमेरिकन शास्त्रज्ञाने ते संप्रेरक १९५३ मध्ये कृत्रिमरीत्या बनवलं आणि १९५५ चं नोबेल मिळवलं. तिथे डीटीटी घातलंत तर चांगलं पेप्टाइड तुम्हीच मोडलंत. बाकीचे तीन बदल लॅबमध्ये सहजी उलटवता येत नाहीत. नवी व्हायल मागवा.

कुठे थांबायचं

दोन द्रावकं करून झाली, पेप्टाइड विरघळलं नाही आणि व्हायलमध्ये निम्म्याहून कमी उरलंय: थांबा. तिसरा प्रयोग विक्रेत्याच्या तांत्रिक विभागाशी बोलल्याशिवाय नको.

अल्झायमर संशोधनातलं ४२ आम्लांचं अ‍ॅमिलॉइड बीटा किंवा त्याच्यासारखं गुठळ्या धरणारं पेप्टाइड असेल: स्वतः शिकत बसू नका. त्यासाठी एचएफआयपी नावाचं द्रावक लागतं, ते कातडी आणि डोळे जाळतं, आणि पद्धत चुकली तर निकाल दिसतो पण खोटा असतो. ज्या लॅबमध्ये हे रोज होतं तिथे चार दिवस उभं राहून शिका. निव्वळ टीएफए आणि एचएफआयपी चालत्या फ्यूम हूडशिवाय उघडायचंच नाही, मग गाइड कितीही घाईत असोत.

डोळ्यात उडालं, तर वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरकडे जा. सुई टोचली तर साबण-पाण्याने धुवा, जखम दाबू नका, आणि तसंच डॉक्टरकडे जा. लेबल आणि सुरक्षिततेचा कागद दोन्ही वेळा सोबत न्या. संस्थेच्या सुरक्षा अधिकाऱ्याला त्याच दिवशी कळवा.

एकाच क्रमाच्या दोन वेगवेगळ्या बॅच सारख्याच फसल्या, तर दोष बॅचचा नसून बहुधा क्रमाचा आहे. पेप्टाइडच्या रचनेतला जाणकार रसायनशास्त्रज्ञ तो क्रम बघून कुठे एक आम्ल बदलावं किंवा टोकाला दोन लायसीन जोडावीत हे सांगू शकतो. हे आपलं काम नाही.

फोन करण्याआधी एवढं एका कागदावर लिहा: बॅच नंबर, पूर्ण क्रम आणि दोन्ही टोकांवर काय आहे, व्हायल कधी आली आणि किती वेळा उघडली, कोणतं द्रावक किती घातलं आणि कोणत्या क्रमाने, कोणत्या तापमानाला ठेवलं, आणि गढूळ नळीचा काळ्या कागदावरचा फोटो. उरलेली व्हायल फेकू नका, बंद करून उणे २० ला परत ठेवा. ते बहुधा तीच मागतात.